उन्हाळ्यात शेअर आणि सोन्याचा रोजचा अंदाज: कोणत्या क्रमानं मांडायचा, कुठे चुकतं

मराठवाड्यातल्या नव्या-जुन्या ट्रेडरांच्या वह्या पाहिल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अंदाज लिहिलेला असतो, पण सौदा झाल्यानंतर. नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन हातात येतो, आधी ग्रुपवरची टिप वाचली जाते, मग चार्ट उघडतो, आणि घेतलेल्या सौद्याला शोभेल असं कारण मागाहून शोधलं जातं. सोन्याच्या बाबतीत तर "शेअर पडले म्हणजे सोनं चढणार" एवढ्या एका वाक्यावर लॉट (सौद्याचा ठरावीक गठ्ठा) उचलला जातो.

बाजार आज कुठे जाणार हे सांगणं म्हणजे अंदाज, असा समज झाल्यामुळे ही गडबड होते. उपयोगाचा अंदाज म्हणजे लिहून ठेवलेल्या अटी. अमुक पातळीच्या वर टिकला तर हे करीन, तमुक पातळी तुटली तर माझं चुकलं, आणि दोन्ही झालं नाही तर आज सौदा नाही. हा कागद सकाळी नऊच्या आत तयार हवा. त्यावर शेअर वेगळा आणि सोनं वेगळं. खालचा क्रम एप्रिल ते जून या काळासाठी आहे, कारण या तीन महिन्यांत घड्याळ, कंपन्यांचे निकाल, पावसाचे अंदाज आणि घरातला पैसा या चारही गोष्टी एरवीपेक्षा निराळ्या चालतात.

## १. आधीची तयारी: पैसा, वीज, कागद

सर्वांत आधी पैसा वेगळा करा, आणि इथे तडजोड नको. आपल्याकडे बहुतेक ट्रेडरांच्या घरी शेती आहे. मार्चअखेर पीक कर्जाचं नवं-जुनं होतं, हातात रक्कम येते आणि जूनपर्यंत ती मोकळी दिसते. बियाणं, खत, नांगरट-पाळीचं ट्रॅक्टरभाडं, जूनमधली शाळा-कॉलेजची फी, यासाठीचा पैसा ट्रेडिंग खात्यात जाताच कामा नये. मृगाचा पाऊस पडला की तो पैसा त्याच आठवड्यात लागतो. तेव्हा पोझिशन (उघडा सौदा) तोट्यात असेल तर पेरणीची तारीख तुमचा सौदा मोडायला लावते, मग तुमचा अंदाज पुढे बरोबर ठरला तरी त्याचा उपयोग नाही.

घरातलं सोनं तारण ठेवून सोन्याच्या वायद्याचं (पुढच्या तारखेच्या सौद्याचं) मार्जिन, म्हणजे अनामत, भरण्याची सवयही काही ठिकाणी दिसते. सोनं पडलं तर वायद्यात तोटा होतोच, शिवाय तारणाची किंमतही उतरते आणि दोन्हीकडून एकाच दिवशी पैसे मागितले जातात. हे करू नका.

वीज हा उन्हाळ्यातला खरा प्रश्न आहे. परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर गेला की भारनियमन नसलं तरी ट्रान्सफॉर्मर जळतो, डीपीवरून लाइन जाते. म्हणून:

- इन्व्हर्टरवर पंख्याआधी राऊटर जोडा.
- दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये चालू ठेवा. वीज गेली की गावातला एखादा टॉवरही बसतो.
- ब्रोकरचा फोनवरून सौदा घेणारा नंबर आणि आपला क्लायंट कोड कागदावर लिहून भिंतीला लावा. फोन बंद पडल्यावर फोनमधला नंबर कामाचा नाही.
- फोन उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. तापलेला फोन मंद चालतो आणि नेमका ऑर्डर टाकताना अडकतो.

सावध: मनातला स्टॉपलॉस (तोटा थांबवायची पातळी) उन्हाळ्यात चालत नाही. सौदा घेतल्याबरोबर स्टॉपलॉस सिस्टीममध्ये टाका. जीटीटी ऑर्डर ब्रोकरकडे थांबलेली असते आणि पातळी आल्यावरच ती बाजारात जाते. भाव गॅप देऊन, म्हणजे मधले भाव गाळून, पुढे निघून गेला तर तुमच्या लिमिट (ठरवून दिलेल्या) भावाला ती पूर्ण होईलच असं नाही.

## २. आदल्या रात्री: उद्याचं वेळापत्रक

रात्री जेवणानंतर उद्याच्या घटना वेळेसह लिहा. इथे सर्वांत जास्त होणारी चूक घड्याळाची आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे हिवाळ्यात पाठ केलेल्या वेळा उन्हाळ्यात चुकतात. आपल्या वेळेनुसार उन्हाळ्याचं घड्याळ असं:

- सकाळी १०: रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, ज्या दिवशी जाहीर होणार असेल त्या दिवशी.
- दुपारी १२:३०: लंडनचा शेअर बाजार उघडतो.
- दुपारी ३ आणि संध्याकाळी ७:३०: लंडनमधले सोन्याचे रोजचे दोन लिलाव.
- संध्याकाळी ५:४५: युरोपीय मध्यवर्ती बँकेचा व्याजदर निर्णय, बैठकीच्या दिवशी.
- संध्याकाळी ६: अमेरिकेचे महागाई आणि रोजगाराचे आकडे. हिवाळ्यात हेच ७ वाजता येतात.
- संध्याकाळी ७: न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो.
- रात्री ११:३०: फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर निर्णय.

शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. उन्हाळ्यात एमसीएक्स, म्हणजे जिथे सोन्याचे वायदे चालतात ते एक्स्चेंज, रात्री ११:३० ला बंद होतं. म्हणजे फेडचा निर्णय बाहेर येतो आणि त्याच क्षणी आपल्या सोन्याचं दार लागतं. जागतिक बाजारात सोनं रात्रभर हलतं, आपला स्टॉपलॉस मात्र सकाळी नऊपर्यंत झोपलेला असतो. त्या रात्री वायदा उघडा ठेवायचा की नाही हे त्याच संध्याकाळी, शांत डोक्यानं ठरवायचं. माझं मत स्पष्ट आहे: लहान भांडवलवाल्यानं ठेवू नये.

शेअरच्या बाजूनं तीन तारखा पाहा. पहिली, आपल्या कंपनीच्या निकालाची. मार्चअखेरच्या वर्षाचे निकाल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतात आणि ३० मेपर्यंत येत राहतात, म्हणजे जवळजवळ सगळा उन्हाळा. दुसरी, लाभांशाची एक्स-तारीख, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही. त्या दिवशी भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो, आणि "शेअर पडला, घ्या" म्हणून काही जण उगीच उडी मारतात. तिसरी, एक्स्पायरी, म्हणजे फ्युचर-ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस: निफ्टीची साप्ताहिक मंगळवारी, सेन्सेक्सची गुरुवारी, सुट्टी आली तर आदल्या दिवशी.

सुट्ट्याही लिहा. १४ एप्रिल आणि १ मे या दिवशी शेअर बाजार बंद असतो, पण अशा बऱ्याच सुट्ट्यांना एमसीएक्सचं फक्त सकाळचं सत्र बंद असतं आणि संध्याकाळी ५ ला सौदे सुरू होतात. महाराष्ट्र दिन म्हणून निर्धास्त झोपलेल्या माणसाची सोन्याची पोझिशन संध्याकाळी जागी होते. गुड फ्रायडेला दोन्ही सत्रं बंद. दरवर्षीची यादी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

तपासा: कागदावर प्रत्येक घटनेसमोर भारतीय वेळ आहे का? आपल्याकडे असलेल्या प्रत्येक शेअरची निकालाची तारीख पाहिली का?

## ३. सकाळी साडेसातनंतर: शेअरचं वाचन

क्रम ठरलेला ठेवा आणि या टप्प्यात मत लिहू नका, फक्त आकडे लिहा. अमेरिकेचा बंद भाव, जपान-हाँगकाँगची सुरुवात, ब्रेंट कच्चं तेल, रुपया-डॉलर, परकीय आणि देशी संस्थांची कालची खरेदी-विक्री, गिफ्ट निफ्टी, आणि सर्वांत शेवटी आपल्या शेअरांच्या बातम्या.

गिफ्ट निफ्टी सकाळी ६:३० पासून चालू असतो आणि त्याचं वाचन बहुतेक जण चुकीचं करतात. तो निफ्टीचा गिफ्ट सिटीत चालणारा वायदा आहे. त्याची तुलना कालच्या निफ्टीच्या स्पॉट (प्रत्यक्ष निर्देशांकाच्या) बंद भावाशी केली की वायद्याचा नेहमीचा फरकसुद्धा तेजीसारखा दिसतो. तुलना निफ्टी फ्युचरच्या कालच्या बंद भावाशी करा. मग जो फरक उरेल तोच गॅपचा अंदाज. आणि तोही फक्त उघडण्याचा. दिवसभर काय होणार, हे गिफ्ट निफ्टी सांगत नाही.

परकीय संस्थांचा एका दिवसाचा आकडा फार मोठा मानू नका. संध्याकाळी येणारे आकडे तात्पुरते असतात आणि एखादा मोठा ब्लॉक सौदा त्यात सगळं चित्र उलटवतो. सलग पाच-सात दिवसांची दिशा बघा.

कच्च्या तेलाची ओळ मात्र चुकवू नका. भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. तेल चढलं की रुपयावर ताण येतो, आणि रुपया हा पुढच्या टप्प्यात सोन्याच्या भावातही शिरतो. शेअर आणि सोनं खरोखर जोडलेले असतील तर ते या रुपयाच्या धाग्यानं.

सावध: टिप या टप्प्याच्या आधी वाचली तर पुढचं सगळं वाचन त्या टिपेला पाठिंबा शोधण्यात जातं. ग्रुप नऊनंतर उघडा, किंवा उघडूच नका. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे बाजाराच्या नियामकाची, नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा नोंदणी क्रमांक 'आयएनएच'नं आणि गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'नं सुरू होतो. तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते बघा.

## ४. सोन्याचं वाचन: भावाचे तीन तुकडे

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपण एमसीएक्सवर जो भाव बघतो तो तीन गोष्टींचा बनतो: जागतिक बाजारातला डॉलरमधला औंसाचा भाव, रुपयाचा दर आणि आयात शुल्क. एका औंसात ३१.१०३५ ग्रॅम. हिशेब असा, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत:

४,००० डॉलर भागिले ३१.१०३५, गुणिले १०, म्हणजे १० ग्रॅमला १,२८६.०३ डॉलर. डॉलर ८८ रुपये असेल तर १,१३,१७१ रुपये. त्यावर ६ टक्के शुल्क धरलं की सुमारे १,१९,९६१ रुपये.

आता सोन्यात काहीच न होता डॉलर ८९ रुपयांचा झाला, तर हाच भाव सुमारे १,२१,३२४ होतो. एका रुपयानं १० ग्रॅममागे १,३६३ रुपये हलले. पुढे बघा: जागतिक सोनं १ टक्का पडून ३,९६० डॉलर झालं आणि त्याच दिवशी रुपया ८९ वर घसरला, तर आपला भाव सुमारे १,२०,१११ येतो. जगात सोनं पडलं आणि आपल्याकडे दीडशे रुपयांनी चढलं. "बातमीत सोनं पडलं म्हणाले आणि माझा शॉर्ट (आधी विकलेला सौदा) तोट्यात कसा?" या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

तिसरा तुकडा वर्षात क्वचित हलतो, पण हलला की दणका देतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्के झालं आणि एमसीएक्सवर सोनं एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त कोसळलं. जागतिक भावात तेव्हा तसं काही घडलं नव्हतं. म्हणून शुल्काचा चालू दर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बदलाची चर्चा असेल तेव्हा सौद्याचं माप कमी करा.

रोज सकाळी तिन्ही तुकडे वेगळे लिहा: डॉलरभाव काल इतका होता, आज इतका, रुपया इतका, शुल्क तेच. मग मनाशी एकच प्रश्न: कालची हालचाल सोन्याची होती की रुपयाची? रुपयाची असेल तर सोन्याच्या डॉलरमधल्या चार्टवर आखलेल्या रेषांचा आज उपयोग नाही.

शेअर पडले म्हणजे सोनं चढतंच असं नाही. ७ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धक्क्यानं निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त पडला, आणि त्या दोन-तीन दिवसांत सोनंही उतरलं होतं, कारण इतर तोट्यांचं मार्जिन भरायला जगभरचे मोठे ट्रेडर सोनं विकत होते. दोनच आठवड्यांत, २२ एप्रिलला, तेच सोनं ३,५०० डॉलरला टेकलं. १२ मे २०२५ ला उलट चित्र: निफ्टी जवळपास पावणेचार टक्के वर आणि सोनं जोरात खाली. एकाच उन्हाळ्यात दोन्ही नाती दिसली. म्हणून दोन वेगळे अंदाज.

सराफ्याचा भाव आणि वायदा एक करू नका. एमसीएक्सच्या भावात आयात शुल्क असतं, पण ३ टक्के जीएसटी नसतो. सराफा दुकानात तो लागतो. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध, वर मजुरी वेगळी आणि मोडायला गेलं की घट वेगळी. आपण बोलताना 'तोळा' म्हणतो तो आता १० ग्रॅमचा, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. घरातल्या वडीलधाऱ्यांशी जुन्या दागिन्यांचा हिशेब करताना एवढं विचारून घ्या. लेकीच्या लग्नासाठी पाटल्या करायच्या असतील तर तो घरखर्च आहे, त्याला ट्रेडिंगच्या अंदाजाशी बांधू नका.

गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो शेअर बाजाराच्या वेळेत, ९:१५ ते ३:३० चालतो. सोन्याची खरी हालचाल संध्याकाळी ६ नंतर होते, म्हणून ईटीएफमध्ये ती दुसऱ्या दिवशी गॅप होऊन दिसते. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी गर्दीमुळे ईटीएफचा भाव त्याच्या मूळ मूल्यापेक्षा वर जाऊ शकतो. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर चालू मूल्य पाहून मगच लिमिट ऑर्डर टाका. ॲपवर मिळणारं 'डिजिटल सोनं' सेबीच्या देखरेखीखाली येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनं तसा जाहीर इशारा दिलेला आहे.

सावध: तालुक्याच्या गावी 'डब्बा' चालतो. ओळखीचा माणूस, रोखीचा व्यवहार, मार्जिन नाही, कर नाही. तिथला सौदा एक्स्चेंजवर जातच नाही. तो बेकायदा आहे आणि जिंकलेले पैसे न मिळाल्यास दाद मागायला जागा नाही. ज्या सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची सौद्याची पावती) येत नाही, तो सौदा करू नका.

## ५. उन्हाळ्याचे घटक: काय मोजायचं, काय सोडायचं

लग्नसराई आहे म्हणून सोनं चढणार, हे वाक्य दर मे महिन्यात ऐकू येतं. आपल्या सराफ्यातली गर्दी स्थानिक भावातली वाढ-घट ठरवते, म्हणजे व्यापारी आयात भावाच्या थोडं वर विकतात की सूट देतात एवढंच. भावाचा मोठा भाग डॉलर, व्याजदर आणि जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या खरेदीनं ठरतो. संभाजीनगरच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसतानाही वायदा पडू शकतो.

पावसाचं वाचन जास्त नाजूक आहे, कारण ते आपल्या काळजाजवळचं आहे. हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, सुधारित अंदाज मेअखेरीस. हे आकडे देशाच्या सरासरीचे असतात: जून ते सप्टेंबर ८७ सेंटिमीटर ही दीर्घकालीन सरासरी, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य पाऊस. त्या आकड्यावर ट्रॅक्टर, दुचाकी, खत, साबण-तेल विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर एक-दोन दिवस हलतात. देशाची सरासरी गाठली गेली तरी बीड-धाराशिवात पेरण्या उलटू शकतात, आणि आपल्याकडे कोरडं असताना निर्देशांक मजेत चढू शकतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. इथे सोयाबीन माना टाकत होतं, आणि ११ सप्टेंबर २०२३ ला निफ्टी पहिल्यांदा २०,००० ला टेकला. आपल्या बांधावरून दिसणारं आभाळ पेरणीसाठी वाचा. निफ्टीच्या कागदावर ते लिहू नका.

ओळखीच्या कंपनीबद्दलही हेच. वाळूजला काम करणाऱ्यांना बजाज ऑटोबद्दल आपल्याला आतलं कळतं असं वाटतं. पण ती कंपनी मोठ्या प्रमाणावर निर्यात करते. शिफ्टची गर्दी किंवा गावातल्या शोरूमची विक्री पाहून तिचा भाव कळत नाही. दर महिन्याच्या १ तारखेला कंपनी विक्रीचे आकडे देते, त्यात देशातली विक्री आणि निर्यात वेगळी असते. ते वाचा.

## ६. कागदावर अंदाज लिहिणं

आता, साडेआठ ते नऊच्या मध्ये, लिहायला बसा. पातळ्या साध्या ठेवा: कालचा उच्चांक, कालचा नीचांक, कालचा बंद, आठवड्याचा उच्चांक-नीचांक. पाच-सहा इंडिकेटर लावले की त्यातला एक तरी तुमच्या मनासारखं बोलतोच.

एका शेअरचा नमुना:

> काल: उच्चांक ६४८, नीचांक ६२६, बंद ६४०. निकाल झालेला. एक्स-तारीख दूर.
> अट: पावणेदहानंतर ६४८ च्या वर टिकला तर खरेदी.
> चूक: ६३२ तुटला तर बाहेर.
> सौदा नाही: ६२६ ते ६४८ मध्ये फिरत राहिला तर.

सोन्याचा नमुना:

> काल: उच्चांक १,२०,४००, नीचांक १,१९,५००. कालची चढ रुपयामुळे, डॉलरभाव स्थिर.
> आज संध्याकाळी ६ ला अमेरिकेचे महागाईचे आकडे. त्याआधी सौदा नाही.
> अट: ६:३० नंतर १,२०,४०० च्या वर टिकलं तर खरेदी.
> चूक: १,२०,००० तुटलं तर बाहेर.
> रात्री ११ पर्यंत काही झालं नाही तर बंद करून झोप.

'वाटतं', 'बहुधा', 'तेजीचा मूड' असे शब्द खोडा. ज्या ओळीत आकडा नाही ती ओळ बाजार चालू असताना तुम्हाला हवा तसा अर्थ देते.

तपासा: तुमचा कागद दुसऱ्या ट्रेडरच्या हातात दिला तर तो तुम्हाला न विचारता सौदा करू शकेल का? नसेल तर अट अजून अर्धवट आहे.

## ७. माप: किती शेअर, कोणता लॉट

लोक अंदाजावर तासभर घालवतात आणि मापाला अर्धं मिनिट देतात. खाती मात्र मापामुळे रिकामी होतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. रोख बाजारात त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांपैकी २०२२-२३ मध्ये दहातले सात तोट्यात होते.

समजा भांडवल २ लाख आहे आणि एका सौद्यात अर्धा टक्का, म्हणजे १,००० रुपये, गमावायची तयारी आहे.

शेअर: खरेदी ६४८, चूक ६३२, फरक १६. हजाराला १६ नं भागा: ६२ शेअर. त्याहून एकही जास्त नाही, खात्यात पैसे पडून असले तरी.

सोनं: फरक १० ग्रॅमला ४०० रुपये. आता लॉट बघा.

- मोठा लॉट १ किलोचा: ४० हजारांचा तोटा. विषय संपला.
- मिनी १०० ग्रॅमचा: एका रुपयाला १० रुपये, म्हणजे ४,००० रुपये. आपल्या मर्यादेच्या चौपट.
- गिनी ८ ग्रॅमची, भावही ८ ग्रॅमचाच दिसतो: ३२० रुपये. तीन लॉट बसतात.
- पेटल १ ग्रॅमचा: ४० रुपये. पंचवीस लॉट बसतात.

म्हणजे दोन लाखांच्या भांडवलाला मिनी पेलत नाही, जरी मार्जिन पुरत असलं तरी. "मार्जिन आहे म्हणून घेतला" हे माप ठरवण्याचं कारण होऊ शकत नाही. गिनी आणि पेटलमध्ये मिनीपेक्षा सौदे कमी होतात. घेणाऱ्या-विकणाऱ्या भावातलं अंतर पाहून लिमिट ऑर्डरच टाका. दलाली, कर, शुल्क हे सगळं तोट्याच्या हजारात धरा.

सावध: सोन्याचे वायदे डिलिव्हरीवर संपतात. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत मार्जिन वाढतं आणि ब्रोकर स्वतःहून पोझिशन बंद करू शकतो. महिना संपत आला की पुढच्या मुदतीचा वायदा घ्या.

## ८. बाजार चालू असताना

९ ते ९:१५ हे प्री-ओपन फक्त पाहण्यासाठी. पहिल्या अर्ध्या तासात काही करू नका, कारण रात्रीच्या गॅपवर अडकलेले आणि घाबरलेले सगळे तेव्हाच निघतात. पावणेदहाला कागद उघडा: कोणती अट जिवंत आहे? भाव तुमच्या पातळीच्या फार वर उघडला असेल तर ती अट मेली. "थोडं वर घेतलं तर काय झालं" म्हणत स्टॉपलॉस वर सरकवणं म्हणजे नवा, न लिहिलेला अंदाज.

३ जून २०२४ ला एक्झिट पोलवर निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढला आणि ४ जूनला निकाल लागत असताना जवळपास सहा टक्के पडला. ज्यांच्या कागदावर 'चूक' कुठे मानायची ती पातळी लिहिलेली होती ते लहान तोट्यात बाहेर पडू शकले. ज्यांच्याकडे फक्त मत होतं ते पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी करत राहिले.

दुपारी बारा ते दोन, बाहेर ऊन आणि बाजारात सुस्ती, अशा वेळी कंटाळ्यातून सौदे होतात. ॲप बंद करा. त्याच दिवशी घेऊन विकायचा सौदा असेल तर तीनपर्यंत स्वतः मोडा. ब्रोकरनं सव्वातीनच्या सुमारास आपोआप मोडला तर त्याचं शुल्क वेगळं लागू शकतं.

सोनं सकाळी ९ ते रात्री ११:३०, साडेचौदा तास चालतं. एवढा वेळ कोणाचंच डोकं ताजं राहत नाही. ज्यानं दिवसभर शेअर केले त्यानं संध्याकाळचं सोनं आठवड्यातले ठरावीक दिवसच करावं. दिवसाच्या शेअरचा तोटा संध्याकाळी सोन्यात भरून काढायला बसणं ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय आहे. ती मोडायला एक नियम पुरतो: दिवसाची तोट्याची मर्यादा शेअर आणि सोनं मिळून एकच.

आकडे येण्याच्या पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतर हात बांधून बसा. ६ वाजता पहिली हालचाल एका बाजूला आणि खरी दुसऱ्या बाजूला, असं वारंवार होतं.

## ९. रात्रीची नोंद

दहा मिनिटांचं काम. प्रत्येक सौद्यासमोर दोन वेगळ्या गोष्टी लिहा: अंदाज बरोबर होता का, आणि सौदा कागदाप्रमाणे केला का. अंदाज चुकून सौदा कागदाप्रमाणे केला असेल तर तो चांगला सौदा. अंदाज न लिहिता नफा झाला असेल तर तो वाईट सौदा, आणि त्याला लाल शाईनं खूण करा, कारण पुढच्या वेळी तोच दुप्पट मापानं केला जातो.

कॉन्ट्रॅक्ट नोट ईमेलवर आली का, त्यातला भाव आणि नग तुमच्या वहीशी जुळतात का, ते पाहा. एक्स्चेंजकडून येणारे एसएमएस पुसू नका. तुम्ही न केलेला सौदा दिसला तर त्याच रात्री ब्रोकरला लेखी कळवा. त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरांचं उत्पन्न आयकरात वेगळ्या प्रकारात, सट्टा व्यवसाय म्हणून, धरलं जातं. नोंदी सुट्या ठेवल्या तर पुढच्या वर्षी सीएसमोर बसताना त्रास होत नाही.

## १०. शुक्रवारचा वेगळा कागद

शुक्रवारी अंदाजात एक ओळ वाढवा: शनिवार-रविवारी काय घडू शकतं? उन्हाळ्यात याचं महत्त्व मे २०२५ मध्ये दिसलं. शुक्रवारी ९ मे रोजी सीमेवर तणाव होता, शनिवारी शस्त्रसंधी जाहीर झाली, सोमवारी अमेरिका-चीनच्या शुल्क समझोत्याची बातमी आली. त्या सोमवारी शेअर विकून बसलेले आणि सोनं घेऊन बसलेले, दोघांचेही स्टॉपलॉस ओलांडूनच बाजार उघडला.

म्हणून शुक्रवारी दुपारी तीनला शेअरची आणि रात्री अकराला सोन्याची उघडी पोझिशन मोजा. सोमवारी स्टॉपलॉसच्या दुप्पट अंतरावर भाव उघडला तर किती जाईल, तो आकडा लिहा. तो दिवसाच्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर निम्मं माप मोडा. सोमवारी एमसीएक्स नऊला, शेअर बाजाराच्या पंधरा मिनिटं आधी उघडतं. आधी सोन्याची गॅप आणि रुपया वहीत उतरवा, मग शेअरच्या अटींकडे वळा.